बोलविता धनी कोण?

२३ जानेवारी २०२४ रोजी तमिळनाडूतील नेते टी. आर. बालू यांच्या आत्मचरित्राचे प्रकाशन झाले. समारंभात पडद्यावरून एम. करुणानिधी बोलले. तोच काळा चष्मा, तीच पिवळी शाल, तोच आवाज. त्यांनी बालूंचे अभिनंदन केले. पुत्र आणि तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांच्या नेतृत्वाची प्रशंसा केली. करुणानिधींचे निधन ऑगस्ट २०१८ मध्येच झाले होते. पडद्यावरची मूर्ती आणि वाणी यंत्राने घडविलेली होती.

यातला उपरोध साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ओळखावयास हवा होता. १९५२ च्या 'पराशक्ती' चित्रपटाचे संवाद लिहिणारे ते हेच करुणानिधी. इतरांच्या तोंडी संवाद घालणाऱ्या लेखकाच्या तोंडी आता इतरांनी संवाद घातले.

आमचे काही प्राध्यापक मित्र विचारतात, यात बिघडले काय? नेत्यांची भाषणे पूर्वीही दुसरेच लिहीत. आणि रोलाँ बार्थने १९६७ सालीच लेखकाचा मृत्यू जाहीर केला आहे! आम्हांस या पळवाटा वाटतात. भाषण कोणीही लिहिलेले असो, ते उच्चारणारा नेता त्या शब्दांना बांधला जातो; उद्या त्याला जाब विचारता येतो. दिवंगताला तो विचारता येत नाही. बार्थने लेखकाला बाजूस सारले ते वाचकाला मोकळे करण्यासाठी. येथे मोकळा होतो तो पक्ष.

आमचा रोष यंत्रावर नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीच्या काशी तमिळ संगमम् सोहळ्यात पंतप्रधानांचे हिंदी भाषण यंत्राने तत्क्षणी तमिळमध्ये ऐकविले. अनुवादाच्या गुणवत्तेवर वाद घालता येईल. परंतु वक्ता समोर उभा होता आणि शब्द त्याचे होते.

सभागृहातील श्रोत्यांना करुणानिधी हयात नाहीत हे ठाऊक होते, हेही आम्ही मान्य करतो. पण अशी चित्रफीत सभागृहात थांबत नाही. ती मोबाइलवरून पुढे जाते, आणि श्रोत्यांचे ते भान तिच्याबरोबर जात नाही. धन्याविना फिरणारे वाक्य काय करते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने भटक्या समाजातील पाच माणसांचा बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने संदेशांवर 'फॉरवर्डेड' ही खूण आणली. ती खूण वाक्य कोठून तरी आले एवढेच सांगते. ते कोणाचे, हे सांगत नाही. त्या अफवेला चेहरा नव्हता. उद्याच्या अफवेला आपल्या आवडत्या नेत्याचा चेहरा असेल.

कादंबरी शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना निवेदक आणि लेखक यांत भेद करावयास शिकवितो. हीच कसोटी प्रचाराच्या चित्रफितीला लावण्यास आम्ही का कचरतो? हे बोलतो कोण, बोलवितो कोण, आणि उत्तर देण्यास बांधील कोण, हे तीन प्रश्न वर्गात विचारले जाणार नसतील, तर आमच्या समीक्षेचा उपयोग परीक्षेपुरताच राहील.