वहीची पूजा करतो, मग हिशेब विचारायची लाज का?



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. बरेच दिवस मनात साठलेलं लिहिते आहे. काहींना राग येईल. येऊ दे, क्षमावणीला अजून वेळ आहे.

सासूबाईंच्या स्मरणार्थ आम्ही दर वर्षी समाजाच्या मदत निधीला अकरा हजार रुपये देतो. हा निधी आपल्याच गरजू घरांसाठी आहे. महिन्याचं धान्य, मुलांची फी, दवाखान्याचं बिल अशी मदत त्यातून होते. सासूबाईंना चौथीतून शाळा सोडावी लागली होती, म्हणून आमचे पैसे मुलींच्या फीसाठी वापरावेत, असं मी दर वेळी चिठ्ठीवर लिहून देते. यंदा पावती नीट वाचली. तिच्यावर ‘सर्वसाधारण देणगी’ असं लिहिलं होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, “काकू, शेवटी सगळं एकाच ठिकाणी जातं ना!”

नाही जात. मला बी.कॉम. होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण ठरावीक कामासाठी दिलेला पैसा ताळेबंदात वेगळा दाखवायचा असतो, एवढं मी विसरलेले नाही. मुलीच्या फीसाठी दिलेल्या पैशातून मांडववाल्याचं बिल भागलं, तर चोरी झाली असं मी म्हणणार नाही. पण दिलेला शब्द मोडला, एवढं नक्की म्हणेन.

वार्षिक सभेत उभी राहिले आणि हेच विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं की दान दिल्यावर मागे वळून पाहू नये, संशयाने पुण्य जातं. मागच्या रांगेतून कुणीतरी माझा पदर ओढला, “बसा हो वहिनी.” मी बसले. त्याचीच टोचणी आजपर्यंत आहे.

आता दुसरी बाजू पाहा. याच निधीकडे मदत मागायला येणाऱ्या बाईला काय काय द्यावं लागतं? रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, लाइटबिल, वर दोन सभासदांची शिफारस. नवरा काय करतो, दीर वेगळे का राहतात, सगळं सांगायचं. आणि मग व्यासपीठावर बोलावून, हातात धान्याची पिशवी देऊन फोटो. तो फोटो संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. माझ्या ओळखीच्या एका बाईच्या मुलीला वर्गातल्या मैत्रिणीने तो फोटो दाखवला. पुढच्या महिन्यात ती बाई धान्य न्यायला आली नाही. निधीच्या यादीत बहुधा तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं गेलं असेल.

ज्यांच्या घरात काही नाही त्यांनी सगळं उघडं करायचं, आणि ज्यांच्या हातात समाजाचे पैसे आहेत त्यांनी एक कागदही दाखवायचा नाही? याला मी धर्म म्हणणार नाही.

दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायाच्या शेवटी दानाचा विचार आहे. दानाचं मोल चार गोष्टींनी ठरतं: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. आपण मात्र एकच धरून बसलो आहोत, दाता. त्याचं नाव संगमरवरावर कोरतो. विधी कसा झाला, म्हणजे पैसा कुठल्या वाटेने गेला आणि घेणाऱ्याचा मान राहिला का, हे विचारणं संशय कसा? तो तर दानाचाच भाग आहे.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा आहे. त्याप्रमाणे विश्वस्तांनी हिशेब ठेवायचे आणि त्यांचं लेखापरीक्षण करून घ्यायचं असतं. लेखापरीक्षकाचा अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. उत्पन्न-खर्चाच्या ठरलेल्या नमुन्यात संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च वेगवेगळा दाखवायला जागा आहे: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबी निवारण आणि इतर धर्मादाय. कार्यालयीन खर्च त्याहून वेगळा. म्हणजे मी विचारते ती माहिती कुठेतरी लिहिलेली असणारच. जो कागद सरकारी कार्यालयात जातो, तो मंदिराच्या फलकावर का येत नाही?

“विश्वस्त बिनपगारी राबतात,” असं सांगितलं जातं. खरं आहे, आणि त्याबद्दल त्यांना हात जोडते. पण घरात आपणही बिनपगारीच राबतो, तरी महिन्याच्या खर्चाचा हिशेब देतोच ना? “हिशेब मागितला तर देणगीदार दुरावतील,” हेही ऐकलं. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या भिशीत प्रत्येकीच्या पैशाची नोंद सगळ्यांसमोर होते, म्हणून ती इतकी वर्षं चालली. जिथे वही झाकली गेली, तिथे भिशी मोडली.

आणि या निधीत बायकांचं काही नाही, असं कुणी समजू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. ती आपल्याच समाजातली बाई. आजही दानपेटीत पडणाऱ्या नोटांत आपण घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे असतात. देताना चालतो, तर विचारताना का नाही?

माझं मागणं मोठं नाही. वर्षाचा जमाखर्च एका पानावर, शेजारी मागच्या वर्षाचे आकडे, मराठीत, फलकावर लावा. ज्या कामासाठी देणगी दिली त्याच कामाचं नाव पावतीवर लिहा. किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि बाकीचे का नाकारले, एवढं सांगा, पण घेणाऱ्यांची नावं आणि फोटो कुठेही नकोत. लेखापरीक्षक कुठल्याही विश्वस्ताचा नातलग नसावा. आणि अर्ज पाहणाऱ्या समितीत निदान दोन बायका असाव्यात. फीची तारीख उलटल्यावर आईचं काय होतं, हे त्यांना सांगावं लागणार नाही.

आपण तर दिवाळीला वहीपूजन करणारी माणसं. कोऱ्या वहीला कुंकू लावतो आणि लिहिलेली वही दाखवायला लाजतो. दूधवाल्याचा खाडा कॅलेंडरवर मांडणाऱ्या, भाजीच्या पिशवीतून दोन लिंबं कमी आली तर परत जाणाऱ्या आपण, समाजाच्या पैशापाशीच का गप्प बसतो?

पुढच्या सभेत मी पुन्हा उभी राहणार आहे. तुम्ही भाषण करू नका, भांडू नका. फक्त त्या वेळी माझा पदर ओढू नका. जमलं तर शेजारी उभ्या राहा.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. प्रश्न मात्र मागे घेत नाही.