उत्कलनबिंदूचा दाखला किती मानावा?

सत्त्वे काढण्यासाठी मद्यार्क विकत घेताना प्रमाणपत्रावरील ‘उत्कलनबिंदू ७८ अंश सेल्सिअस’ एवढ्या नोंदीवर आपले अनेक औषधनिर्माते समाधान मानतात. ते मला मान्य नाही. शुद्ध इथेनॉल ७८.४ अंशांना उकळते. परंतु त्यात वजनी सुमारे ४.४ टक्के पाणी असेल, तर ते मिश्रणही ७८.२ अंशांना, आणि शुद्ध द्रव्याप्रमाणेच स्थिर तापमानावर उकळते! साध्या तापमापकास हा भेद कळणार कसा? शिवाय हे आकडे ७६० मिलिमीटर वायुदाबाचे आहेत. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते, शुद्ध इथेनॉल ७७ अंशांखाली. तेथे ७८ अंश दिसल्यास निश्चिंत नव्हे, साशंक व्हावे.

तैलपाक सिद्ध झाला हे आपण केवळ फेनोद्गमावरून ठरवत नाही. वर्ती वळून पाहतो, ती अग्नीवर धरून शब्द होतो का हे ऐकतो, गंधवर्ण पाहतो. मग येथेच एका आकड्यावर भिस्त का?

उत्कलनबिंदू अवश्य मोजावा, मात्र वायुदाब नोंदवून, आणि तापमापकाचा फुगा द्रवात न बुडविता ऊर्ध्वपातन-पात्राच्या बाजूच्या नळीसमोर, बाष्पात ठेवून. पाण्याच्या अंशासाठी घनता पाहावी. मिथेनॉलची अल्प भेसळ मात्र या दोहोंनी उघड होत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीचा खर्च निर्मात्यानेच सोसला पाहिजे.