जपानी शिकायला जपानला? आधी हिशेब मांडा

गेल्या महिन्यात ओळखीचे एक दुकानदार भेटायला आले. मुलगा बारावी झालेला. हातात एका एजंटाने दिलेले रंगीत माहितीपत्रक. म्हणाले, "भाई, हा माणूस सांगतो की मुलाला जपानला भाषा शिकायला पाठवा. शिकता शिकता कमावेल, फी भरेल आणि कर्जही तोच फेडेल. घरातले दागिने मोडले आणि थोडी रक्कम उधार घेतली, तर जमते. पाठवू का?"

आम्ही त्यांना जे सांगितले तेच येथे लिहीत आहोत, कारण हा सवाल आज अनेक घरांत आहे. भाषा कमावण्यासाठी पाठवत असाल, तर जरूर पाठवा, पण तयारी करून. पैसा कमावण्यासाठी पाठवत असाल, तर विद्यार्थ्याच्या दारातून पाठवू नका.

भाषा हेही भांडवल

प्रथम भाषा कशाला हवी ते पाहू. जपानशी हिंदी व्यापाऱ्यांचा संबंध जुना आहे. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील रेशीम-कापडाचे बरेच हिंदी व्यापारी कोबे बंदरात आले. १९३५ साली कोबेत जपानमधील पहिली मशीद उभी राहिली, तिच्या वर्गणीत या व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. पुढील काळात पाकिस्तानी व्यापाऱ्यांनी तेथून जुन्या मोटारी परदेशी पाठवण्याच्या धंद्यात जम बसवला.

हा मोटारींचा धंदा पाहिला की भाषेची किंमत कळते. तेथे जुन्या गाड्यांचा लिलाव होतो आणि प्रत्येक गाडीबरोबर तपासणीचा एक कागद असतो. ओरखडे, पोचे, गंज, सारे त्यावर लिहिलेले असते. अपघातानंतर गाडीचा सांगाडा दुरुस्त केला आहे काय, हे सांगणारा शब्द आहे 'शूफुकु-रेकी'. तो वाचता येणारा आणि न येणारा एकाच लिलावात उभे असतात, पण दोघांच्या नफ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कोणी म्हणेल, आता मोबाईल भाषांतर करून देतो. कागदाचे देतो, हे खरे. पण जपानी व्यापारी तोंडावर 'नाही' फारसा म्हणत नाही. तो म्हणतो, 'केंतो शिमासु', म्हणजे 'विचार करू'. यंत्र शब्दाचा अर्थ बरोबर सांगते आणि आपण महिनाभर ऑर्डरची वाट पाहत बसतो. ज्याने ती भाषा त्या लोकांत राहून शिकली आहे, त्याला तेथेच समजते की बहुतेक हा नकार आहे. त्याचप्रमाणे समोरचा मान हलवून 'हाइ' म्हणाला, तर कित्येकदा त्याचा अर्थ 'ऐकतो आहे' एवढाच असतो, 'सौदा पक्का' असा नव्हे.

आपल्याला ती तितकी परकी नाही

जपानी अवघड, अशी दहशत आपल्याकडे आहे. ती अर्धीच खरी आहे. वाक्याची रचना तर आपल्यासारखीच. क्रियापद शेवटी येते आणि प्रत्यय नामाच्या मागे लागतो. 'चिचि नो मिसे' म्हणजे 'वडिलांचे दुकान', येथे 'नो' म्हणजे आपला 'चा-ची-चे'. 'किनो मिसे नि इत्ता' म्हणजे 'काल दुकानात गेलो'. शब्दास शब्द लावून पाहा, क्रमही तोच.

अदबीचे तर विचारूच नका. उर्दू कानावर पडलेल्या घरात मुलाला ठाऊक असते की समोरचा 'फर्मावतो' आणि आपण 'अर्ज करतो'. जपानीतही अगदी असेच आहे. समोरचा मान्यवर बोलला तर 'ओश्शारु' आणि स्वतः नम्रपणे बोललो तर 'मोसु'. या अदबीच्या भाषेला 'केइगो' म्हणतात. दुकानात, बँकेत, कंपनीत तिच्याशिवाय भागत नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना हा भेद डोक्यात बसवताना घाम फुटतो, आपल्या मुलांना तो घरचाच आहे.

खरी मेहनत लिपीची. हिरागाना आणि काताकाना या दोन वर्णमाला, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या, महिन्याभरात येतात. पण कांजी म्हणजे चित्राक्षरे. २०१० च्या सरकारी यादीप्रमाणे रोजच्या वापरातील कांजी २,१३६ आहेत. जपानी मूलसुद्धा प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ शिकते. येथे चलाखी चालत नाही, रोजचा सराव लागतो. जरीकाम किंवा लाकडावरचे कोरीवकाम शिकताना उस्ताद वर्षानुवर्षे एकच टाका, एकच घाव गिरवून घेतो, तशातलाच हा हुनर आहे.

अठ्ठावीस तासांचे गणित

आता एजंटाच्या हिशेबाकडे वळू. जपानमध्ये विद्यार्थ्याला परवाना काढून आठवड्याला २८ तास काम करता येते. शाळेच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत मुभा असते. ताशी अकराशे येन धरले, तर चार आठवड्यांच्या ११२ तासांचे १,२३,२०० येन होतात. वर्षाचे, सुट्टीतले जादा काम धरून, पंधरा-सोळा लाख येन म्हणा. भाषाशाळेची फी वर्षाला साधारण सात ते नऊ लाख येन असते. ती वजा करा. उरलेल्यात खोलीचे भाडे, जेवण, रेल्वेचे भाडे, आरोग्य विमा आणि कपडेलत्ते. त्यासाठी महिन्याला साधारण पन्नास ते पंचाहत्तर हजार येनच हाती राहतात. टोकियोसारख्या शहरात त्यातले बरेचसे खोलीच खाते. मग कर्ज फेडायचे कशातून?

येथेच घात होतो. मुलगा चोरून जास्त तास काम करू लागतो. रात्री कारखान्यात डबे भरतो आणि सकाळी वर्गात झोपतो. तास ओलांडल्याचे उघडकीस आले, तर व्हिसाची मुदत वाढत नाही. नाही आले, तरी दोन वर्षांनी हाती काय राहते? ज्या भाषेसाठी दागिने मोडले, ती भाषाच आलेली नसते. मुद्दल गेले आणि मालही मिळाला नाही.

ज्याला तेथे नोकरीच करायची आहे, त्याच्यासाठी वेगळे दार आहे. भारत व जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये 'विशिष्ट कुशल कामगार' योजनेचा करार झाला. त्यात कामाची परीक्षा आणि भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते आणि पगार पूर्ण वेळेचा मिळतो. कारागिराने विद्यार्थ्याचा वेष घेण्याची गरज नाही.

विद्यापीठाचे दार

मग भाषेचा खरा विद्यार्थी कोणत्या वाटेने जावा? आमचे मत असे की, पाया येथे घालावा आणि कळस तेथे चढवावा.

जपानी भाषेची जागतिक परीक्षा १९८४ पासून होते. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत अवघड. जुलै आणि डिसेंबरमध्ये ती होते, पुणे व मुंबई येथे तिची केंद्रे आहेत. पुण्यात तर जपानी शिकवण्याची परंपराच आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात या भाषेचे अभ्यासक्रम आहेत. मुलाने किंवा मुलीने येथे राहून, घरचे अन्न खाऊन एन-३ पर्यंत मजल मारावी. मात्र एक ध्यानात असू द्यावे. या परीक्षेत वाचणे आणि ऐकणे तपासतात, बोलणे तपासत नाहीत. बोलण्यासाठीच तेथे जायचे.

जपान सरकारची एक शिष्यवृत्ती खास अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्या देशातील विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हा विषय घेऊन पदवी शिकणाऱ्यास एक वर्षासाठी जपानी विद्यापीठात बोलावतात. फी माफ, विमानाचे भाडे सरकारचे आणि दरमहा एक लाख येनहून अधिक विद्यावेतन. निवड कडक असते, पण दागिना मोडावा लागत नाही. शिवाय विद्यापीठा-विद्यापीठांतील देवाणघेवाणीचे करार असतात. त्यांत सहसा फी आपल्याच विद्यापीठात भरायची असते. भांडी घासण्याची सक्ती नसल्याने असा विद्यार्थी एका वर्षात जे शिकतो, ते कर्जात बुडालेला दोन वर्षांत शिकत नाही.

संपूर्ण पदवी तेथेच घ्यायची असेल, तर क्यूशू बेटावरील बेप्पू शहरात २००० साली सुरू झालेले रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठ पाहावे. तेथील जवळपास निम्मे विद्यार्थी परदेशी आहेत. प्रवेश इंग्रजीतून मिळतो, पण इंग्रजीतून आलेल्यास जपानी शिकावीच लागते. हलाल जेवण मिळते आणि शहरात मशीदही आहे. बाहेर मात्र सावध राहावे. डुकरासाठीचे 'बुता' आणि दारूसाठीचे 'साके' ही कांजी आमच्या मते विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात पाठ करावीत. बंद पाकिटावरचे जिन्नस वाचता आले की खाण्याचा अर्धा प्रश्न सुटतो.

भाषाशाळेतच जायचे ठरले, तर एजंटाला एक गोष्ट विचारा. एप्रिल २०२४ पासून जपानचे शिक्षण मंत्रालय भाषाशाळांना नव्या कायद्याने मान्यता देत आहे. तुमच्या शाळेला ती मिळाली आहे काय, नसेल तर अर्ज केला आहे काय? उत्तर कागदावर मागा. जो टाळाटाळ करील, त्याच्या दुकानातून माल घेऊ नये.

शेवटी त्या दुकानदारांचे काय झाले? दागिने कपाटातच आहेत. मुलगा संध्याकाळी क्लासला जातो, दुकानात बसून वहीत कांजी गिरवतो. परवा वडिलांनीच विचारले, "आमच्या दुकानाला जपानीत काय म्हणतात रे?" तो म्हणाला, "चिचि नो मिसे." वडील हसले. दोन वर्षांनी तो शिष्यवृत्तीला बसेल. मिळाली तर जाईल, नाही मिळाली तरी जे शिकला ते कोठे जात नाही. व्यापारी माणसाला याहून अधिक समजावण्याची गरज नसावी. मुलाला परदेशी पाठवताना तिकिटाचा भाव सगळेच पाहतात, तो परत येताना काय घेऊन येणार हे आधी पाहा.