पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा अवघड

मंडळी, पाऊस उघडला की पाणंदीत उतरून वाटेवर आलेल्या फांद्या तोडायच्या, वाहून गेलेली जागा दगडमातीने भरून काढायची, हे काम आपल्याला नवे नाही. ते कोणी करायचे यावरून होणारा वादही नवा नाही. ज्याचे शेत पार शेवटी तो म्हणतो, सगळ्यांनी या. ज्याचे शेत पाणंदीच्या तोंडाशीच तो म्हणतो, माझी गाडी तर जाते! आज मी तुम्हांला अशा एका वाटेची हकिकत सांगणार आहे, जिच्यावरून कोणाचा ऊस जात नाही की कोणाचे शेणखत जात नाही. तरीही शंभर वर्षे लोक ती आपल्या हाताने राखत आले आहेत.

अमेरिकेच्या पूर्व अंगाला ॲपलेचियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे, आपल्या सह्याद्रीसारखी दक्षिणोत्तर पसरलेली. तिच्या माथ्यामाथ्याने एक पाऊलवाट जाते. दक्षिणेला जॉर्जिया राज्यात सुरू होते आणि चौदा राज्ये ओलांडून उत्तरेला मेन राज्यात संपते. लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. बेंटन मॅकाय या गृहस्थाने १९२१ साली ही कल्पना मांडली, १९२५ मध्ये तिच्यासाठी संस्था उभी राहिली आणि १९३७ साली वाट टोकापासून टोकापर्यंत जोडली गेली. ही वाट फक्त पायी चालणाऱ्यांची. कोणी एक दिवस चालतो, तर कोणी पाठीवर बिऱ्हाड घेऊन पाच-सहा महिने चालत राहतो. चुकू नये म्हणून झाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच अशा पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात.

यातली बहुतेक जमीन सरकारी. पण झाडेझुडपे तोडणे, पट्ट्या रंगवणे, पाण्याला वाट काढून देणे ही कामे मुख्यतः गावोगावच्या मंडळांचे लोक बिनपगारी करतात. अशी तीसच्या आसपास मंडळे आहेत आणि प्रत्येकाला वाटेचा तुकडा नेमून दिलेला आहे. मंडळातही पुन्हा वाटणी होते, अमका ओढा ते तमकी खिंड एवढी तुझी. आपल्याकडे पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात तसेच हे. त्यांत नोकरीतून निवृत्त झालेले पुष्कळ, बायाही आहेत.

आता वादळाचे ऐका. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ‘हेलीन’ नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले आणि दुसऱ्या दिवशी या डोंगरांवर चढले. ते पोचण्याआधीच तिथे जोरदार पाऊस होऊन गेला होता. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगराळ भागात काही ठिकाणी तीनेक दिवसांत साडेसातशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. आपल्या माण-आटपाडीकडे अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही! माती भिजून लोण्यासारखी झाली, मग वारा आला, आणि हिरवीगार धडधाकट झाडे मुळांसकट आडवी झाली. नद्यांनी गावे नेली. दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यापुढे पाऊलवाटेची काय कथा? तरी सांगायचे तर, या वाटेचा सुमारे सातशे किलोमीटरचा पट्टा वादळाच्या तडाख्यात सापडला.

मला यातली सर्वांत शहाणपणाची वाटली ती पहिली गोष्ट. वाटेची काळजी वाहणाऱ्या संस्थेने चालणाऱ्यांना सांगितले, डोंगराकडे येऊ नका. हात शिवशिवत असलेल्या आपल्याच माणसांनाही आवरून धरले. रस्ते तुटलेले, माणसे शोधण्याचे काम चाललेले. तिथे चार हौशी माणसे करवत घेऊन गेली आणि त्यातला एक जखमी झाला, तर त्याला खाली आणायला पुन्हा आठ माणसे लागणार. मदत करण्याची घाई झालेल्या माणसाला थांब म्हणणे फार कठीण असते, पण ते कोणीतरी म्हणावे लागते.

आपल्याकडे ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या आणि रस्तोरस्ती झाडे आडवी पडली. झाड तोडणे आपल्याला येते, असे आपण धरून चालतो. उभे झाड तोडणे येत असेलही. पडलेल्या झाडाचे गणित वेगळे असते आणि तेच आज नीट समजून घेऊ.

पडलेले झाड मेलेले दिसते, पण त्याच्या अंगात ताण भरलेला असतो. समजा, खोड दोन्ही टोकांना टेकले आहे आणि मधे अधांतरी आहे. वजनाने ते खाली वाकते. म्हणजे वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. तुम्ही वरून करवत चालवली की काप मिटत जातो आणि करवत गच्च धरली जाते. म्हणून आधी वरून थोडे कापायचे, त्या कापात पाचर ठोकायची आणि मग खालून कापत यायचे. खोड एकाच टोकाला टेकलेले व दुसरे टोक लोंबते असेल तर सगळे उलटे. वरची बाजू ताणलेली असते, तिथे आधी खोल कापले तर खोड उभे चिरून अंगावर उसळते. अशा वेळी पहिला लहान काप खालून. ताण कुठे आणि दाब कुठे हे ओळखल्याशिवाय करवत लावायचीच नाही. तिथल्या जंगल खात्याचा हाच दंडक आहे. शिकून, परीक्षा देऊन परवाना मिळवल्यावरच स्वयंसेवकाच्या हाती करवत दिली जाते. बाकीचे फांद्या ओढतात.

मोठ्या झाडाखाली दबून धनुष्यासारखे वाकलेले पोरसवदा झाड तर आणखी वाईट. ते एका घावात तोडले की सुटून तोंडावर बसते. मुळांसकट उपटलेले झाड त्याहून फसवे. बुंध्याला मातीची केवढी तरी भिंत लटकलेली असते. खोड कापून वजन कमी झाले की ती भिंत बुंध्यासकट परत खड्ड्यात बसते. मागच्या खड्ड्यात एखादे पोर खेळत असेल तर? कापण्याआधी मुळांच्या मागे जाऊन बघा, आणि कापत असता तिथे एक शहाणे माणूस उभे करून कोणाला फिरकू देऊ नका. उतारावर काम असेल तर कापणाऱ्याने नेहमी वरच्या अंगाला उभे राहावे. ओंडका गडगडला तर तो खालीच जातो.

या डोंगरांतले काही भाग १९६४ च्या कायद्याने अगदी रानटी स्थितीत राखलेले आहेत आणि तिथे यंत्राच्या करवतीला सहसा मनाई आहे. तिथे दोघांनी दोन बाजूंनी धरायची लांब करवत चालते. तिचा नियम एकच, आपल्या पाळीला ओढायचे, जोडीदाराच्या पाळीला ढकलायचे नाही. ढकलले की पाते वाकते आणि दोघेही दमतात. (संसारालाही हे लागू पडते असे कोणी म्हणेल, पण तो आजचा विषय नव्हे.)

झाडे हटवली म्हणजे काम संपले असे नाही. त्या वाटेचा ठरलेला मापदंड चार फूट रुंद आणि आठ फूट उंच मोकळी जागा, एवढाच आहे. खरे काम पाण्याचे. वाटेने एकदा पाणी धरले की वाट म्हणजे ओढा होतो. म्हणून डोंगराच्या कुशीतली वाट बाहेरच्या अंगाला किंचित उतरती ठेवतात आणि मधूनमधून दगडांचा किंवा ओंडक्याचा तिरका बांध घालून पाणी बाजूला काढून देतात. ताली घालणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. उपटलेल्या झाडाने वाटेतच खड्डा केला असेल तर तो भरायचा. कडाच ढासळला असेल तर हट्ट न धरता वाट दुसरीकडून न्यायची.

अशी पाळी पहिल्यांदाच आली होती असेही नाही. १९३८ च्या सप्टेंबरात उत्तरेकडच्या भागात मोठे वादळ झाले आणि नुकतीच जोडलेली वाट तुटली. मधे महायुद्ध आले. ती पुन्हा सलग व्हायला १९५१ साल उजाडले. या वेळी मात्र २०२५ च्या वसंतात, लांबचे चालणारे दक्षिणेकडून निघतात त्या सुमारास, वाटेचा बहुतेक भाग चालता झाला होता. पायवाटेवर ज्यांची खानावळ, धर्मशाळा चालते त्या छोट्या गावांना त्याची गरज होती. पुराने आधीच कंबरडे मोडलेले, त्यात हंगामही गेला असता.

जी झाडे रानात तशीच पडून राहिली ती वाळली आणि मार्च २०२५ मध्ये त्या भागात वणवे लागले तेव्हा त्यांना आयते जळण मिळाले. आपल्या रानात वादळानंतर पडलेला पालापाचोळा, फांद्या उन्हाळ्याआधी उचला म्हणतात ते याचसाठी.

टेनेसी राज्यात अर्विन गावाजवळ वाट नोलिचकी नदी ओलांडते, तिथला पूल मात्र पुराने पार नेला होता. पूल काही चार स्वयंसेवकांनी बांधायची गोष्ट नव्हे. मग त्या वसंतात चालणाऱ्यांना होडीत बसवून पैलतीरी सोडण्याची सोय केली गेली, तीही फुकट.