गाडीला दुहेरी काच? आधी छताकडे बघा!

घरात मोठा खर्च निघाला की आकडे पुरुषमंडळी मांडतात आणि बायकांना विचारतात ते पडद्यांचा रंग. आमच्या मोलगीच्या घरात सध्या तेच चाललंय. धाकट्या भाऊजींनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतलीय. आत झोपायला फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी अशी फिरती खोली करायची आणि तोरणमाळला, काठीच्या होळीला, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला येणाऱ्या कुटुंबांना भाड्याने द्यायची. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे त्यांच्या डोक्यात आहे. बेत मलाही आवडला. गाडं अडलंय खिडक्यांपाशी. कारागीर म्हणतो, सगळ्या खिडक्यांना दुहेरी काच बसवा, थंडी नाही की ऊन नाही. पैसे मात्र यायचेत माझ्या जावेच्या बचत गटाच्या कर्जातून. हप्ता तिच्या नावावर, मग पहिलं मतही तिचंच हवं, नाही का?

आता, दुहेरी काच म्हणजे काही फसवणूक नाही बरं का. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा गोधडीतल्या हवेसारखंच काम करते. एकेरी काचेतून जितकी ऊब निघून जाते, त्याच्या साधारण निम्मीच दुहेरीतून जाते. युरोपातल्या कॅरॅव्हॅनना अशा खिडक्या सर्रास असतात. पण त्या बहुतेक हलक्या ॲक्रिलिकच्या, गाडीसाठीच बनवलेल्या. बंगल्याच्या खिडकीची जड काच गाडीत ठोकायची आणि देवगोईच्या घाटातून वर-खाली न्यायची, हा वेगळाच प्रकार. वेफर्सची पुडी घाट चढताना कशी टम्म फुगते, पाहिलंय ना? तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच. तिथे हवेचा दाब खालच्या सपाटीपेक्षा सुमारे दहा टक्के कमी. बंद काचांमधली हवाही तशीच फुगते, त्यात रस्त्याचे हादरे. एकदा का कडेचं सील सुटलं की दमट हवा मध्ये शिरते, आणि तो धुरकटपणा ना आतून पुसता येतो ना बाहेरून.

थंडी आमच्याकडे आहेच. डाबच्या बाजूला कडाक्याच्या हिवाळ्यात गवतावरचं दव गोठतं. पण गाडीत ती काही एकट्या खिडकीतून येत नाही. अख्खी गाडी पत्र्याची! पत्र्याच्या घरात मे महिना काढलेल्या बाईला हे सांगायची गरज नाही. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा डोक्यावरचं छत तव्यासारखं तापतं. त्या छताला आतून फोमचा जाड थर आणि वर प्लायवूड, बाहेरून पांढरा रंग, दारा-खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या, एवढं आधी करावं. कारागिरानेच दिलेल्या हिशेबात हे सगळं काचांच्या निम्म्यात बसतंय! खिडक्यांना रात्री जाड अस्तराचे पडदे पुरतात. उन्हाळ्यात काचेच्या बाहेरून ताडपत्रीची सावली करावी, कारण साधी दुहेरी काचही ऊन फारसं अडवत नाही.

मला खरी काळजी आहे ती वेगळीच. गाडी घट्ट बंद झाली की लोक आत शेकोटी आणतात. आपल्या डोंगरातल्या कुडाच्या घरात रात्रभर चूल धुमसत असते, पण कुडाला आणि कौलांना फटी असतात, धूर वाट काढतो. रबराने सील केलेल्या गाडीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलं, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्याला जागही येत नाही. गॅसच्या शेगडीवर ऊब घ्यायची हौसही तितकीच वाईट. थंडीने कुडकुडणाऱ्या लेकराला घेऊन बसलेली आईच आधी म्हणणार, ‘जरा शेगडी आत आणा हो.’ म्हणून छताला झरोका हवाच, एक खिडकी बोटभर उघडी राहील अशी हवी, आणि दारावर मोठ्या अक्षरांत सूचना हवी. त्या फटीने माणसांच्या श्वासाची वाफही बाहेर जाते. नाहीतर सकाळी काचेवरून पाणी ओघळतं आणि गाद्या दमट होतात.

दोन हिवाळे गाडी चांगली चालली, कर्जाचा बोजा उतरला, तर झोपायच्या बाजूच्या दोन खिडक्यांना ॲक्रिलिकच्या दुहेरी काचा खुशाल घ्याव्यात. गाडीत असे बदल करायला आरटीओची मंजुरी लागते, ते आधी बघावं. आणि कारागिराकडून कागदावर लिहून घ्यावं: घाटात सील सुटलं तर काच कोण बदलून देणार, किती दिवसांत, आणि त्यासाठी गाडी घेऊन आम्ही त्याच्याकडे जायचं की तो मोलगीला येणार.