खांब रोवण्याआधी समुद्र मोजा

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे वर चढले की चाळकेवाडीचे पठार लागते. पवनचक्क्यांनी भरलेल्या या सड्यावर एक देखणा सरडा राहतो. विणीच्या हंगामात नर गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून दगडावर मिरवतो. अमोद झांबरे, हर्षल भोसले आणि मारिया ठाकर या संशोधकांनी इथला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. जिथे पवनचक्क्या नाहीत त्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते आणि जिथे पवनचक्क्या आहेत तिथे सरडे जास्त होते. घार-ससाण्यांची झडप कमी झाल्याने हे सरडे निर्धास्त झाले होते; माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नव्हते. पण गर्दी वाढल्याने त्यांची अंगे उतरली होती आणि नरांच्या पंख्याचे रंगही फिके पडले होते. पात्यांवर आपटून किती पक्षी मेले एवढाच हिशेब मांडला असता, तर ही साखळी कधीच हाती लागली नसती.

या अभ्यासाला एक मर्यादा होती. पवनचक्क्या येण्यापूर्वी पठारावर काय होते, याच्या नोंदी हाताशी नव्हत्या. म्हणून शेजारचा मोकळा भाग पाहून तुलना करावी लागली. आता भारत समुद्रात पवनचक्क्या उभारायला निघाला आहे आणि पाण्याखाली अशी शेजारची मोकळी जागा शोधून तुलना करणे फार अवघड आहे. तिथला ‘आधी’ आधीच नोंदवावा लागेल.

जगातला पहिला समुद्री पवन प्रकल्प डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबी इथे उभारला. तेव्हा पवनचक्क्या होत्या अवघ्या ११. भारताने धोरण आणले २०१५ मध्ये. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात मिळून सुमारे ७० गिगावॉटची क्षमता असल्याचा सरकारी अंदाज आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी दोन्ही राज्यांत प्रत्येकी ५०० मेगावॉट उभे करण्यासाठी आणि ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. गुजरातमधली जागा आहे खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावावसमोर. काम रेंगाळले आहे. हा उशीर वाया जाऊ देऊ नये.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर यातला एकही खांब नियोजित नाही. पण कोकणातली कासवे राज्यांच्या सीमा पाळत नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या वाळूत अंडी घालून परतणाऱ्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवला गेला. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. श्वास घ्यायला ती वर आली की पाठीवरचे यंत्र आपला ठावठिकाणा कळवी. ती निघाली उत्तरेला, गुजरातच्या समुद्राकडे. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेला वळली आणि कन्याकुमारी, श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचली. म्हणजे एकीची वाट गुजरातच्या दिशेची, तर दुसरीची तमिळनाडूच्या टोकाला वळसा घालणारी. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या कासवमित्रांनी रात्री जागून राखलेली घरटी अखेर या पाण्यावरच अवलंबून आहेत.

अरबी समुद्रातल्या हंपबॅक व्हेलचेही तसेच. ओमानजवळ त्या शंभरही उरलेल्या नसाव्यात. तिथे २०१७ मध्ये टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी सगळा अरबी समुद्र पार करून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली होती. इतक्या विरळ प्राण्याच्या बाबतीत थोडासा त्रासही थोडा म्हणून सोडता येत नाही.

सगळ्यात मोठा त्रास आवाजाचा. उथळ समुद्रात पवनचक्की बहुधा एकाच जाड पोलादी नळीवर उभी राहते. नव्या नळ्यांचा व्यास सात-आठ मीटर किंवा त्याहूनही जास्त असतो. ती तळात बसवण्यासाठी हायड्रॉलिक हातोडा तासन्‌तास आदळत राहतो, एकेका खांबाला हजारो घाव. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि खूप लांबवर पोहोचतो. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह इथे खांब ठोकताना पोरपॉइज हे छोटे दंतव्हेल वीसेक किलोमीटरपर्यंत दूर पांगल्याचे आढळले. जो प्राणी कानाने वाट काढतो, कानानेच भक्ष्य शोधतो आणि पिल्लाशी आवाजानेच बोलतो, त्याच्यासाठी हा घाव म्हणजे डोळ्यांपुढे अंधार.

यावर उपाय आहेत आणि ते चालतात. जर्मनीत खांबापासून ७५० मीटरवर आवाज १६० डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, असे बंधन आहे. ते पाळण्यासाठी खांबाभोवती तळावर भोके पाडलेली नळी गोलाकार अंथरतात आणि तीत दाबाने हवा सोडतात. तळापासून पृष्ठभागापर्यंत बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि बराचसा आवाज तिच्यातच विरतो. नेदरलँड्समध्ये मे २०२३ मध्ये, स्थलांतरी पक्ष्यांचे मोठे थवे येणार असा अंदाज मिळताच, बोर्सेले आणि एग्मंड आन झे इथल्या पवनचक्क्या एका रात्री काही तास जवळजवळ थांबवल्या गेल्या. वीजग्राहकांना त्याचा पत्ताही लागला नसेल.

मात्र युरोपातले उत्तर उचलून खंभातला चिकटवता येणार नाही. युरोपातही उत्तर एकच नाही. डेन्मार्कच्या नायस्टेडमध्ये पोरपॉइज कमी झाले आणि कित्येक वर्षे पूर्णपणे परतले नाहीत. एग्मंड आन झेमध्ये मात्र ते बाहेरच्यापेक्षा जास्त दिसू लागले. हा फरक कळला, कारण दोन्हीकडे बांधकामापूर्वीच पाण्यात ध्वनियंत्रे सोडून त्यांची हजेरी घेतली होती. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी; जोरदार प्रवाहात बुडबुड्यांची भिंत वाकते आणि तुटते. पिपावावसमोर ती कितपत टिकेल, हे तिथेच तपासावे लागेल.

आणि वेळापत्रकाचा प्रश्न तर आपला स्वतःचाच आहे. अमेरिकेत व्हाइनयार्ड विंड या कंपनीने २०१९ मध्ये पर्यावरण संस्थांशी करार केला आणि राइट व्हेल येण्याच्या हिवाळी महिन्यांत खांब न ठोकण्याचे मान्य केले. हंगामी बंदी आपल्याला नवी नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्याला लागतात. पण खांब ठोकणारे जहाज पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात कामच करू शकणार नाही. काम होणार ते पावसाळा सरल्यापासून मेपर्यंत, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोकणात कासवे अंडी घालतात आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याला व्हेल शार्क येतात. जहाजाला आणि या प्राण्यांना एकच हंगाम हवा आहे. त्यातले कुठले आठवडे प्राण्यांसाठी सोडायचे, हे कळण्यासाठी कोण कधी कुठे असते याच्या नोंदी लागतील.

या शंकांचे निमित्त करून पवनऊर्जाच नको म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहायला हवे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेलेल्या व्हेलचे खापर पवन प्रकल्पांवर फोडणारी मोहीम जोरात चालली. तिथल्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेने मात्र तसा पुरावा नसल्याचे सांगितले. चारशेहूनही कमी उरलेल्या राइट व्हेल मरतात त्या मुख्यतः जहाजांच्या धडकेने आणि मासेमारीच्या दोरांत अडकून. कोळशाची किंमतही समुद्रच मोजतो आहे. कोळसा जाळून वाढलेल्या उष्णतेने वाळू तापली की कासवांच्या अंड्यांतून माद्याच अधिक निघतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या तरुण हिरव्या कासवांत ९९ टक्के माद्या आढळल्या. समुद्री पवनऊर्जा हवीच आणि ती लवकर हवी.

वारा मात्र आपण नीट मोजला. पिपावावपासून सुमारे २३ किलोमीटरवर, भर समुद्रात लायडार यंत्र बसवून नोंदी घेतल्या. प्रकल्प उभारणाऱ्याला वाऱ्याची खात्री हवी, म्हणून तो खर्च सरकारने केला. तीच निकड पाण्याखालच्या जिवांसाठी दाखवायला हवी. निदान सलग दोन वर्षे हायड्रोफोन, हवाई पाहणी आणि पक्ष्यांची गणना व्हावी. सगळ्या नोंदी सार्वजनिक असाव्यात, म्हणजे कुणालाही तपासता येतील. आवाजाची मर्यादा निविदेतच लिहावी. व्हेल दिसला की हातोडा थांबवण्याचा अधिकार कंपनीच्या पगारावर नसलेल्या निरीक्षकाला द्यावा.

या कामात जाफराबादच्या मच्छीमारांना सुरुवातीपासून घ्यावे. पिपावावच्या शेजारचे हे बंदर बोंबलासाठी प्रसिद्ध आहे. तिथे प्रवाहात तोंड उघडून डोल जाळी लावतात, मुंबई-पालघरचे कोळी लावतात तशीच. खांब आणि तळावरच्या केबल आल्या की या जाळ्यांची जागा आक्रसणार. ती किती, आणि भरपाई कशी, हे आधी ठरायला हवे. याच सौराष्ट्रात २००१ मध्ये व्हेल शार्कला कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतर मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून असे शेकडो मासे सोडले आणि वनखात्याने जाळ्यांची भरपाई दिली. डॉल्फिन कुठल्या उधाणाला कुठे फिरतात हे रोज समुद्रावर जाणाऱ्या तांडेलाला जितके ठाऊक, तितके सल्लागार कंपनीच्या महिन्याभराच्या पाहणीला कळणार नाही. मच्छीमारांच्या नौकांवर नोंदवह्या आणि जीपीएस द्यावेत, कामाचे पैसे द्यावेत. येत्या ऑक्टोबरात ही पाहणी सुरू झाली, तर पहिला खांब पाण्यात उतरण्याआधी कासवांचे दोन पूर्ण हंगाम कागदावर आलेले असतील.