शत्रूचा वेढा, मित्राचा तह

जागतिक महायुद्धे दोनच झाली, पहिले १९१४ साली व दुसरे १९३९ साली सुरू झालेले, अशी मोजणी शाळेपासून आपल्या मनावर बिंबवली गेली आहे. ही मोजणी अपुरी आहे. १७५६ साली एका बाजूस इंग्लंड व प्रशिया आणि दुसऱ्या बाजूस फ्रान्स, ऑस्ट्रिया, रशिया व स्वीडन अशा दोन गटांत जे सप्तवार्षिक युद्ध पेटले, ते क्युबेक, हवाना, सेनेगल, मनिला आणि पाँडेचेरी इतक्या दूरदूरच्या रणांगणांवर लढले गेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते 'कर्नाटकातील तिसरे युद्ध' या शीर्षकाखाली दीड पानात उरकते, आणि त्या दीड पानातही वावर असतो तो लाली, कूट आणि क्लाइव्ह यांचाच. १७६१ म्हटले की मराठी माणसाला पानिपत आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु १४ जानेवारीच्या त्या संहारानंतर अवघ्या दोन दिवसांनी इंग्रजांची फौज पाँडेचेरीत शिरली आणि दक्षिणेतील फ्रेंच सत्तेचा कणा मोडला, याचे स्मरण आपण ठेवत नाही. त्याहूनही कमी स्मरण आहे ते या जागतिक युद्धात एका मराठी राजधानीला पडलेल्या वेढ्याचे.

ती राजधानी तंजावर. व्यंकोजीने स्थापिलेल्या या भोसले राज्यावर १७३९ पासून प्रतापसिंह राज्य करीत होता. युद्ध त्याने सुरू केले नव्हते, आणि युरोपातील सायलेशिया प्रांत कोणाच्या ताब्यात राहावा याच्याशी त्याला किंवा कावेरीकाठच्या शेतकऱ्याला काडीचेही कर्तव्य नव्हते. त्याच्या दारात तोफा आल्या त्या एका कर्जखतापायी.

या खताचा इतिहास सांगण्याजोगा आहे. १७४९ साली चंदासाहेब व त्याचे फ्रेंच साथीदार तंजावरवर चालून आले असता प्रतापसिंहाकडून जबरदस्तीने रोखा लिहून घेण्यात आला. कारैकालभोवतीची ८१ गावेही याच सुमारास फ्रेंचांना मिळाली. पुढे १७५२ साली चंदासाहेबाचा शिरच्छेद झाला, आणि तोही तंजावरच्याच सेनापतीच्या हातून. धनको मेला, पण खत मेले नाही; ते पाँडेचेरीच्या दप्तरात ५६ लाख रुपयांचे येणे म्हणून जिवंत राहिले. त्याच १७४९ साली इंग्रजही तंजावरच्या गादीवर आपल्या पसंतीचा हक्कदार बसविण्यास निघाले होते. प्रतापसिंहाने देवीकोट्टई देऊ करताच त्यांनी त्या हक्कदाराचा पक्ष सोडला, आणि त्याच्या चुलत्याला मात्र फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये अडकवून ठेवले. कधी उपयोग पडेल हे कोणी सांगावे!

१७५८ च्या एप्रिलअखेर सेनापती लाली पाँडेचेरीस उतरला. जूनच्या प्रारंभी त्याने फोर्ट सेंट डेव्हिड जिंकले आणि तिथला तो कैदी चुलता आता फ्रेंचांच्या हाती आला. मद्रासवर चालून जायचे तर पैसा हवा, आणि तिजोरीत तर खडखडाट. तेव्हा ते जुने खत बाहेर निघाले. फौज कारैकालकडे वळली तेव्हा तिच्याजवळ ना पुरेसा दाणागोटा, ना पुरेशी दारू. नागोर बंदर लुटण्याचा हक्क लालीने आपल्याच एका अधिकाऱ्याला मक्त्याने विकला. लूट मक्त्याने देणारी ही 'सुधारलेल्या' युरोपची सेना! कीवेळूरच्या देवळात धनासाठी खणाखणी झाली. हाती लागल्या त्या पितळेच्या मूर्ती. सहा ब्राह्मणांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी दिले गेले. (याच कीवेळूरच्या परिसरात २५ डिसेंबर १९६८ रोजी किळवेणमणीच्या ४४ दलित शेतमजुरांना व त्यांच्या बायकामुलांना जमीनदारांच्या गुंडांनी जिवंत जाळले, हे वाचकांना सांगावयास नको.)

जुलैच्या उत्तरार्धात तंजावरच्या तटासमोर तोफा लागल्या. प्रतापसिंहाने वाटाघाटींचा घोळ घालून वेळ काढला, तिरुचिरापल्लीहून इंग्रजांचे शिपाई आले, आणि ३ ऑगस्ट रोजी समुद्रावर फ्रेंच आरमाराचा पराभव झाला. ती वार्ता छावणीत पोचली तेव्हा तटाला खिंडार पडू लागले होते, पण दारूगोळा संपत आला होता. १० ऑगस्टच्या पहाटे तंजावरची फौज बाहेर पडून छावणीवर कोसळली. लाली थोडक्यात बचावला. त्यानंतर तोफा निकामी करून फ्रेंच सेना उपाशीपोटी कारैकालकडे परतली. ५६ लाखांतले हाती लागले ते फारच थोडे.

येथवर सारे इतिहासकार विजयाची कथा सांगून थांबतात. आमच्या मते खरी कथा येथून सुरू होते. दोस्त जिंकले होते. त्या जयात तंजावरच्या वाट्याला काय आले?

१७६२ साली मद्रासच्या कंपनी सरकारने मध्यस्थ बनून नवाब महंमद अली आणि प्रतापसिंह यांच्यात तह घडवून आणला. थकलेल्या खंडणीपोटी २२ लाख रुपये, शिवाय दरसाल ४ लाख. जे शत्रूला तोफा लावून वसूल करता आले नाही, ते मित्राने कागदावर वसूल केले. नवाब तरी कोण? कंपनीचाच ऋणको, ज्याच्या कर्जाचे व्याज मद्रासचे गोरे सावकार खात होते. १० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिसच्या तहात अकरावे कलम हिंदुस्थानविषयी आहे. त्यात महंमद अलीला कर्नाटकाचा नवाब आणि सलाबतजंगाला दख्खनचा सुभेदार म्हणून मान्यता आहे. सलाबतजंग तेव्हा आपल्या भावाच्या कैदेत होता! वेढा सोसलेल्या तंजावरचे त्या कलमात नावही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रतापसिंह वारला.

राज्याचे उत्पन्न म्हणजे भातपिकातला सरकारी वाटा. तेव्हा ही खंडणी भरली ती कोणी, हे उघड आहे. १७६४ साली कावेरीच्या बांधाच्या दुरुस्तीचा तंटा उपस्थित झाला. नवाब तंजावरला बांध दुरुस्त करू देईना, आणि पाणी अडले तर खाचरात रोप उभे राहत नाही. पुढे १७७१ मध्ये कंपनीची फौज नवाबासाठी चालून आली. १७७३ मध्ये ती पुन्हा आली आणि या वेळी तिने तुळजाजीला कैद करून राज्य नवाबाच्या हवाली केले. १७७६ मध्ये लंडनच्या हुकुमावरून गव्हर्नर पिगटने तुळजाजीस गादीवर परत बसविले, तोच पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा नोकर दावा घेऊन पुढे आला. नवाबाने तंजावरच्या महसुलावर दिलेल्या वराती १ लाख ६२ हजार पौंडांच्या, आणि रयतेला पिकाच्या तारणावर दिलेले कर्ज ७२ हजार पौंडांचे! पिगटने दावा फेटाळला, तेव्हा त्याच्याच कौन्सिलातील बहुमताने त्याला अटक केली आणि तो कैदेतच मेला. शेतातल्या भातावर मद्रासच्या गव्हर्नराचीही सत्ता चालू दिली गेली नाही, इतका सावकारांचा गट बलिष्ठ होता.

प्रतापसिंहाने दुसरे काय करावयास हवे होते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याच्या हाती फारसे काही नव्हते हे मान्य. परंतु १७५८ चा विजय इंग्रज-मराठा मैत्रीचा गोड दाखला म्हणून आजही सांगितला जातो, तो आम्हांस मान्य नाही. लाली दिवाळखोर होता म्हणून परतला. कंपनी दिवाळखोर नव्हती म्हणून राहिली. पुढच्या जागतिक युद्धात, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, फ्रान्सशी हातमिळवणी केलेल्या हैदर अलीच्या फौजांनी १७८१ साली हाच प्रदेश उद्ध्वस्त केला, तोही तंजावर कंपनीच्या गोटात आहे एवढ्याच कारणाने.

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीने राज्यकारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्याच्याकडे उरले वर्षाला एक लाख पागोडा, महसुलाचा एकपंचमांश हिस्सा आणि किल्ला. भोसले वंशाचा जो प्रदीर्घ मराठी शिलालेख बृहदीश्वराच्या देवळात पाहावयास लोक दुरून येतात, तो बाबूराव चिटणीसांकडून लिहवून कोरविला गेला १८०३ साली, म्हणजे या तहानंतर चार वर्षांनी. १८५५ साली शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता वारले, आणि कंपनीने तो वार्षिक नेमणुकीचा आकडाही खात्यावरून काढून टाकला.